सुप्याची जळालेली खते आणि आपल्या घरातील वह्या

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त समाजाच्या पूर्वेतिहासाचे स्मरण करताना मंदिरे, धर्मशाळा आणि दानशूर पूर्वज यांचाच उल्लेख करण्याचा मोह होतो. परंतु बारामती-इंदापूर परिसरातील आपल्या व्यापारी पूर्वजांचा सर्वाधिक कागदोपत्री उल्लेख ज्या दशकात सापडतो, ते 1870 चे दशक सुखाचे नव्हते.

दि. 12 मे 1875 रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला केला. हाच दख्खनच्या दंग्यांचा आरंभ. जमावाचा मुख्य रोख कर्जखते आणि हुकूमनामे यांवर होता. ते हाती पडताच जाळले जात. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार त्या मानाने थोडे घडले. हे लोण लवकरच पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले.

या घटनेची चौकशी करण्यास सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल हे त्या काळाचे प्रमुख साधन होय. पण तो सरकारी कागद आहे, हे विसरून चालणार नाही. इंदापूर तालुक्यात 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी शेतसारा ठरविला. तीस वर्षांची मुदत संपताच तो वाढला. अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 मध्ये संपल्यावर कापसाचे भाव कोसळले. अशा वेळी सारा भरण्यास रोकड आणायची कोठून? ती सावकाराकडून. आपल्या साऱ्याकडे बोट दाखविण्यापेक्षा सावकाराच्या व्याजाकडे बोट दाखविणे कोणत्याही सरकारला सोपे जाते.

म्हणून व्याजाचा प्रश्न मिटतो असे नाही. 1859 च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या खताची मुदत तीन वर्षांची ठरली. मुदत संपण्यापूर्वी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहिले जाई. उदाहरणादाखल, दरमहा शेकडा दोन रुपये दराने 100 रुपयांचे खत तीन वर्षांनी 172 रुपयांचे होते आणि आणखी तीन वर्षांनी सुमारे 296 रुपयांचे. कुणब्याच्या हाती मात्र 100 रुपयेच आले होते. खतावरचा आकडा म्हणजे दिलेले कर्ज नव्हे, हे त्या काळच्या अभ्यासकाने प्रथम ध्यानी घ्यावे. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयास खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, तो याच कारणास्तव.

मूळ रक्कम कळते ती कीर्द-खतावणीतून. खते जळाली तरी साऱ्याच वह्या जळाल्या नाहीत. दिवाळीस पूजन करून माळ्यावर ठेवलेल्या लाल कापडी बांधणीच्या जुन्या वह्यांत कोणाला काय दिले, काय फिटले आणि दुष्काळात किती सोडले, हे दिसू शकते. कटू असेल तेही दिसेल. लिपी मोडी, गुजराती वा महाजनी असेल. मितीही जपून लावावी: सुप्याचा दंगा शके 1797 मधला, परंतु गुजराती कार्तिकी गणनेने संवत 1931 आणि चैत्री गणनेने 1932. आणखी एक, अहवालातील ‘मारवाडी’ वा ‘गुजर’ प्रत्येक वेळी जैनच असेल असे नाही. त्यांत वैष्णवही होते.

ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत देण्यापूर्वी मोडीच्या जाणकारास दाखवाव्यात. पुण्याच्या पुराभिलेखागारातील कागदांशी त्या ताडून पाहता येतील.