यमू ‘मी’ म्हणाली तेव्हा

गोष्ट ‘मी’नं सांगायची की ‘ती’नं, भूतकाळात की वर्तमानात, हा प्रश्न कथा लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी अडवतो. आज त्याचं सूत्र देत नाही. एका लेखकानं हा पेच कसा सोडवला, तेवढं सांगतो.

1857 साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. विषय विधवांची दुःखं. पण ती सांगतो लेखक, बाहेर उभा राहून. यमुना नवऱ्याबरोबर फिरते, बघते, ऐकते. आपण तिच्यामागून चालतो. कळवळा खरा आहे, तरी मधूनमधून प्रवचनाला बसल्यासारखं वाटतं.

तीसेक वर्षांनी पुन्हा एक यमुना आली. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 ते 1893 या काळात ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः छापली जात होती. आपटे सुरुवातीला सव्वीस वर्षांचे. मधेच, 1891 साली, संमतिवयाचा कायदा झाला. वय दहाचं बारा केलं, आणि पुण्यात केवढं रण माजलं! सभा पुरुषांच्या, अग्रलेख पुरुषांचे. त्याच दिवसांत दर हप्त्याला एक मुलगी ‘मी’ म्हणून बोलत होती.

आता यातली मराठीची गंमत बघा. बेळगावात किंवा हैदराबादेत राहणाऱ्यांना ती लगेच कळेल. कन्नडमध्ये, तेलुगूत, बंगालीत ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ एकच. तिथला लेखक ‘मी’ म्हणून पानभर लिहील आणि बाई की बुवा ते कळू देणार नाही. मराठीत ती सोय फारशी नाही. ‘मी पाहिलं’ म्हणा, निभावेल. पण गेले, बसले, रडले, भ्याले म्हटलं की संपलं. त्या काळी तर ‘गेलें’ असं डोक्यावर अनुस्वार देऊन छापत. म्हणजे आपट्यांना शेकडो पानं आपलं क्रियापद बाईचं ठेवावं लागलं. एखाद्या प्रसंगापुरता आवाज काढणं सोपं असतं. इथं वाक्यागणिक लिंग बदलून बसायचं होतं. माझ्या मते प्रवचन तिथेच थांबलं. प्रवचनकाराचं क्रियापद हाती राहिलं नाही, तर उपदेश करणार कोण?

काळाची निवडही तितकीच नेमकी. यमू आठवून सांगते. माहेरचं बालपण, मग लग्न, मग मुंबईतले नवऱ्याबरोबरचे सुखाचे दिवस. तो तिला समजून घेणारा माणूस. हे सगळं ‘होतं’मध्ये येतं, आणि त्या ‘होतं’नंच वाचकाच्या पोटात गोळा येतो. सांगणारीला पुढचं ठाऊक आहे: नवरा जाणार, सासरी परतावं लागणार, जबरदस्तीनं केशवपन होणार. त्या मुंबईच्या प्रकरणांतल्या यमूला मात्र यातलं काहीच ठाऊक नाही. एकाच ‘मी’मध्ये दोन बायका. हेच वर्तमानकाळात लिहिलं असतं, तर सांगणारी निघून गेली असती आणि नुसती भोगणारी उरली असती.

किंमतही मोजावी लागली. यमू जिथं नाही, तिथं आपल्यालाही जाता येत नाही. घरातल्या पुरुषांच्या मनात काय शिजतंय, ते तिच्या कानावर येईल तेवढंच आपल्याला कळतं. मला हा तोटा वाटत नाही; बाईला त्या घरात कळत होतं तेवढंच वाचकाला कळतं. पुढं खांडेकरांनी ‘ययाति’त (1959) आणि शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये (1967) अनेक ‘मी’ आळीपाळीनं बोलते केले, म्हणजे एकाला न दिसलेलं दुसऱ्याकडून कळतं. तो वेगळा रस्ता.

एक मात्र म्हणू नका, की बायका गप्प होत्या म्हणून आपट्यांना बोलावं लागलं. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ 1882 सालचं. पण तो निबंध होता, भांडण होतं. संसाराच्या आठवणी सांगणारं रमाबाई रानड्यांचं पुस्तक यायला 1910 साल उजाडलं. त्यातली ‘गेलें’, ‘बसलें’ मात्र त्यांची स्वतःची होती.