कोंबड्या शेजाऱ्याच्या पऱ्ह्यात जातात? हे उपाय करा

भंडारा : मृग लागला की धानाचे पऱ्हे टाकले जातात आणि गावोगावी कोंबड्यांवरून भांडणं सुरू होतात. पेरलेलं बी कोंबड्या उकरून खातात, मग शेजाऱ्याची रोवणी अडते.

बंद ठेवण्याचे दिवस : पऱ्हे टाकल्यापासून रोपं नीट उभी होईपर्यंत कोंबड्या वाडीतच कोंडा. सावली, पाणी आणि उकरायला थोडी राख-माती द्या.

कुंपण : पाच-सहा फूट जाळी लावा, खालची कड मातीत दाबा. पिलांसाठी बारीक जाळी लागते. गिरीराज, वनराजा जड असतात, देशी कोंबडी मात्र उडते. तिच्या एकाच पंखाची लांब पिसं कापा. तोल जातो, उडी बसते. नवीन, रक्त असलेलं पीस कापू नका. पिसं झडून परत आली की पुन्हा कापावी लागतात.

सवय : नवीन कोंबड्या दहा-पंधरा दिवस खुराड्यातच ठेवा. रोज सांजेला एकच हाक मारून कणी टाका. पुढे दिवस मावळायच्या दोन तास आधी सोडल्या तर लांब जात नाहीत.

कायदा : गुरे अतिक्रमण कायदा 1871 मध्ये गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आहेत, कोंबडी नाही. म्हणून ती कोंडवाड्यात टाकता येत नाही. पण रागाच्या भरात विष घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुकसान झालंच तर बी भरून द्या. नाही जमलं तर गावच्या तंटामुक्त समितीकडे जा.