तळटीप १२ : जुन्या नकाशांतली ‘वुर्डा’

चांदा जिल्ह्याच्या (आजचे चंद्रपूर व गडचिरोली) पश्चिम सीमेवरची ही वर्धाच. एकोणिसाव्या शतकातले साहेब आपल्या ‘अ’साठी ‘यू’ लिहीत; कारण दक्षिण इंग्लंडात ‘कट’सारख्या शब्दांतला जुना उकार सतराव्या शतकात अकाराकडे झुकला होता. उत्तरेत तो आजही उकारच. यॉर्कशायरचा माणूस ‘कुट’ म्हणतो. त्याला हे स्पेलिंग फसवणारच! नागपूरच्या ‘पू’साठी दोन ‘ओ’ आले, तेही असेच : चॉसरच्या काळी ‘मून’चा उच्चार ‘मोऽन’ होता, पुढे ‘ओ’चा ‘ऊ’ झाला, लेखन मात्र हलले नाही. १८७०च्या दशकात हंटर यांची लिप्यंतरपद्धती सरकारमान्य झाली आणि ‘यू’च्या जागी ‘ए’ आला. अनुवादात सर्वत्र ‘वर्धा’ केले आहे.