भागाचा भाग : कवडी आणि चौरस

एका कृपणाच्या दारीं याचक आला. कृपणानें द्रम्माच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश घेतले, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पंचमांश, त्याचा षोडशांश, आणि त्याचाही चतुर्थांश तेवढा याचकाच्या हातावर ठेवला. तर त्यानें कवड्या किती दिल्या? भास्कराचार्यांच्या ‘लीलावतीं’तलें हें उदाहरण सुमारें ११५० सालचें आहे. रीत सोपी : अंशांनीं अंश गुणावे, छेदांनीं छेद. उत्तर येतें द्रम्माचा १/१२८०. त्या कोष्टकांत वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण आणि सोळा पणांचा द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या कवड्या बरोबर १२८०. कृपणाचें औदार्य एका कवडीचें!

या प्रकाराला आचार्यांनीं ‘प्रभाग’, म्हणजे भागाचा भाग, असें नांव दिलें. भिन्नांचा गुणाकार त्यांनीं पुढें निराळा सांगितला, जरी करणी तीच आहे. हें वेगळेपण क्षुल्लक नव्हे. मुलाचें अडतें तें नेमकें येथें. ‘गुणणें’ म्हणजे वाढविणें, हें त्याच्या मनांत पहिल्या इयत्तेपासून ठसलेलें असतें. पाऊण शेर तेलापैकीं दोन तृतीयांश खर्च झालें, तर खर्च किती, असें विचारतांच तें गोंधळतें. गुणाकार करून उत्तर अर्धा शेर आलें, म्हणजे पाऊण शेराहून कमी आलें, तर आपलेंच चुकलें असें समजून खोडून टाकतें. हुशार मूलसुद्धां खोडतें, आणि घरीं बोलणीं मात्र खातें.

आपल्याकडील पंतोजींच्या शाळेंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेत. या पाठांतराची पुष्कळ थट्टा झाली आहे, आणि ती सर्वस्वी अन्यायाची होती असें म्हणवत नाहीं. परंतु पाढ्यामागें वस्तू उभी असे, हें थट्टेखोर विसरतात. रुपयाचा पाव ती पावली, पावलीचा पाव तो आणा. म्हणून पावाचा पाव एक षोडशांश, हें मुलाला खिशांतलें नाणें सांगे. पावशेराचा निम्मा तो नवटांक, नवटांकाचा निम्मा तो छटाक. हीं मापें स्वयंपाकघराच्या फळीवर ओळीनें मांडलेलीं असत. पंतोजींनीं आकृती काढली नाहीं, कारण ती घरीं तयारच होती.

आकृतीचा मार्ग पद्धतशीरपणें दाखविला तो स्वित्झर्लंडमधील योहान हाइनरिख पेस्टालॉझी (१७४६–१८२७) यांनीं. १८०० सालीं ते बर्गडॉर्फ येथें शाळा चालवूं लागले. तेथें सिद्ध झालेले तक्ते १८०३ पासून छापून निघाले. एका तक्त्यांत चौरसांच्या दहा ओळी होत्या : पहिल्या ओळींतील चौरस अखंड, दुसरींतील उभ्या रेघेनें दुभागलेले, असें करीत दहावींत दहा भाग. पुढच्या तक्त्यांत तेच चौरस आडव्या रेघांनींही विभागलेले. येथेंच भागाचा भाग डोळ्यांना दिसूं लागला. चार उभे व तीन आडवे भाग पडले कीं बारा घरें होतात. एक घर हा चतुर्थांशाचा तृतीयांश. छेदांनीं छेद कां गुणावयाचे, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

तथापि पेस्टालॉझींच्या शाळेंतही त्या चौरसांवरून प्रश्नोत्तरांची लांबच लांब घोकंपट्टी चाले. पाहण्यासाठीं काढलेल्या आकृतीचीच एक पावकी झाली! बोस्टन येथें १८२१ सालीं वॉरन कोलबर्न यांनीं पेस्टालॉझींच्याच धर्तीवर अंकगणित लिहिलें, त्यांत हा दोष बराच कमी केला : आधीं मुलाच्या नित्य परिचयाच्या वस्तूंचीं लहान उदाहरणें, नियम मागाहून.

आपल्याकडे १९५७ च्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि पाठोपाठ शेर जाऊन किलोग्रॅम आला. हिशेब सुलभ झाले खरे. पण आणा गेला, छटाक गेला, आणि पावाचा पाव दाखविणारी वस्तू मुलाच्या हातून निसटली. अपूर्णांक मात्र पाठ्यपुस्तकांत राहिले. म्हणून फळीवरचें माप आतां कागदावर काढून द्यावें लागतें.

श्रोत्यांनीं हातीं कागद घ्यावा. एक चौरस काढून त्याचे चार उभे व तीन आडवे भाग करावे. हीं बारा घरें मिळून कृपणाचा द्रम्म. दोन उभे पट्टे म्हणजे अर्धा : घरें सहा. त्यांतल्या तीन आडव्या ओळींपैकीं दोन म्हणजे दोन तृतीयांश : घरें चार. चारांतलीं तीन म्हणजे पाऊण. बारांपैकीं तीन घरें उरलीं, तो द्रम्माचा चतुर्थांश. कवड्यांनींच आरंभ करूं जातां दुसऱ्याच पायरीला ४२६ कवड्या आणि वर दोन तृतीयांश कवडी अशी अडचण येते. चौरसांत ती येत नाहीं. आतां त्या तीन घरांच्या कवड्या कराव्या, म्हणजे ३२०. त्यांचा पंचमांश ६४, त्याचा षोडशांश ४, आणि चारांचा चतुर्थांश ती याचकाची कवडी.