वसईची एक गोष्ट

परवा पुन्हा वसईच्या किल्ल्यात भटकून आलो. सॅन सेबॅस्टियन बुरुजापाशी गेलं की शाळेत ऐकलेली गोष्ट हटकून आठवते. किल्ला हाती येईना, तेव्हा चिमाजी अप्पा म्हणाले म्हणे, मला तोफेच्या तोंडी द्या, निदान माझा देह तरी आत पडू दे!

खरंच म्हणाले असतील? आख्यायिकाच ती. पण अशा गोष्टीची गरज का पडते, हे आकडे पाहिले की कळतं. मोहीम १७३७ पासून मे १७३९ पर्यंत चालली. सुरुंग लावायचे, खिंडार पडलं की आत घुसायचं, मार खाऊन मागे यायचं, पुन्हा तेच. मराठ्यांचे मेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांवर गेले, असं ग्रँट डफ लिहितो.

एवढी माणसं पडल्यावर नुसतं 'चला पुढे' म्हणून कोण जाईल? सरदार आपलाही देह पणाला लावतोय, हे दिसावं लागतं. आणि देव पाठीशी आहे, हेही. अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता आणि जिंकल्यावर देऊळ बांधून तो फेडला, असं आमच्याकडे आजही सांगतात.

एकच गोष्ट मात्र मनात सलते. अप्पांचा देह तोफेतून गेला नाही. खिंडारात जे खरोखर पडले, त्यांतल्या एकाचंही नाव या गोष्टीत नाही.