काय ठेवायचे, काय वगळायचे?

करमाळा तालुक्यातील जेऊर हे मुंबई-सोलापूर लोहमार्गावरचे स्थानक. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत जेऊरसारख्या गावातील शाळेला एखादी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, टेलिफोनच्या तारेवरून उतरवून घ्यायची असती तर किती वेळ लागला असता? एका सीडीत सुमारे ६८ कोटी २० लाख बाइट मावतात, म्हणजे सुमारे ५४५ कोटी ६० लाख बिट. डायल-अप जोडणीचा कमाल वेग सेकंदाला ५६ हजार बिट. भागाकार केला तर उत्तर येते सुमारे २७ तास, तेही जोडणी एकदाही तुटली नाही तर! मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसलेल्या माणसाच्या पिशवीतली तबकडी त्याच्या कितीतरी आधी पोहोचली असती. कार्यप्रणालींचा प्रसार बरीच वर्षे तबकड्यांवरून झाला, तो असा.

तबकडीची ही क्षमता आली कोठून? १९८२ साली बाजारात आलेली सीडी संगीतासाठी होती. तिच्यावर ७४ मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावे. दर सेकंदाला ७५ खंड, म्हणजे एकूण ३,३३,००० खंड. संगीताच्या प्रत्येक खंडात २,३५२ बाइट असतात. गाण्यात एखादा बिट चुकला तर कानाला कळत नाही. परंतु संगणकाच्या आज्ञावलीत एक बिटही चुकून चालत नाही. म्हणून संगणकासाठी प्रत्येक खंडातील ३०४ बाइट मुख्यतः खंडाची ओळख आणि चुकांची दुरुस्ती यांसाठी राखून ठेवतात. उरतात २,०४८. गुणाकार विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा. १९९५ साली ‘एल टोरिटो’ हे मानक आले आणि संगणक थेट सीडीवरूनच सुरू करण्याची रीत ठरली.

मर्यादित जागा म्हटली की निवड आलीच. ही निवड कोणी करायची, हाच या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

विंडोज एक्सपी २००१ साली आली. तिच्या तबकडीतील नको ते भाग काढून, नंतर आलेल्या दुरुस्त्या आधीच मिसळून, सुटसुटीत तबकडी बनवण्याची साधने हौशी मंडळींनी तयार केली. परंतु अशी बदललेली तबकडी दुसऱ्यांना वाटण्याची मुभा त्या प्रणालीचा परवाना देत नाही. दुसरी परंपरा मुक्त आज्ञावलींची. लायनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि १९९२ साली तो जीपीएल परवान्याखाली आणला. हा परवाना बदल करण्याचा आणि बदललेली प्रत वाटण्याचा हक्क देतो. अट एवढीच की घेणाऱ्यालाही मूळ आज्ञा मिळाल्या पाहिजेत. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाने आज्ञावलींचे लहान लहान गठ्ठे केले आणि कोणता गठ्ठा कोणावर अवलंबून आहे हे प्रत्येकावर नोंदवून ठेवले.

प्रयोगपेटीचे उदाहरण घेऊ. जागा होत नाही म्हणून स्पिरिटचा दिवा काढला, तर त्यावर अवलंबून असलेले सारे प्रयोग बाद होतात, परीक्षानळ्या पेटीत असल्या तरी. तबकडीतही तसेच. म्हणून डेबियनमध्ये एखादा गठ्ठा काढायला गेले की त्याबरोबर आणखी काय काय जाईल, हे संगणक आधीच सांगतो.

२००० साली जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी डेबियनवर आधारित ‘क्नॉपिक्स’ तयार केली. माहिती दाबून बसवल्यामुळे सुमारे २ गिगाबाइटचा ऐवज ७०० मेगाबाइटच्या सीडीत मावला आणि लागेल तसा उलगडत गेला. हार्डडिस्कला हात न लावता संगणक चालू होई. अशा तबकडीवरून स्वतःची तबकडी बनवण्याची कृती अशी : मूळ तबकडीतला ऐवज हार्डडिस्कवर उलगडायचा; तो कप्पा म्हणजेच पूर्ण संगणक आहे असे यंत्राला भासवून त्यात शिरायचे; नको ते गठ्ठे काढायचे, हवे ते घालायचे; सारे पुन्हा दाबून तबकडीची प्रतिमा तयार करायची; आणि शेवटी ती एखाद्या जुन्या संगणकावर चालवून पाहायची.

जागा कमी पडली की कात्री प्रथम कशावर चालते? बहुधा ‘जादा’ भाषांवर! देवनागरीला १९९१ च्या युनिकोडमध्ये १२८ जागांचा पट्टा मिळाला होता; पण अक्षरे पडद्यावर उमटण्यासाठी मुक्त परवान्याचा टंक लागतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून करून घेतलेले ‘लोहित’ टंक रेड हॅटने २००४ साली जीपीएलखाली खुले केले. असा टंक एक मेगाबाइटही जागा घेत नाही. म्हणजे मराठी वगळून वाचणारी जागा नगण्य, आणि मराठी माध्यमाच्या मुलाचे होणारे नुकसान मात्र मोठे.

मुळात १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली २००७ साली प्रसिद्ध केली. ‘एज्युबॉस’ ही तिची शालेय आवृत्ती. केरळने तर शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार केली.

आता तबकडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे. प्रश्न मात्र मिटलेला नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि चालू स्थितीतील अनेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. दुसरीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये जुन्या ३२ बिटी संगणकांसाठी स्थापनेची तबकडी नाही. म्हणजे वगळण्याचा निर्णय मुक्त जगातही होतो. फरक असा की तेथे वगळलेले परत घालण्याचा हक्क आपल्याकडे राहतो.

हा हक्क वापरायचा तर आधी यादी हवी, आणि ती शिक्षकच करू शकतात. आम्ही सुचवतो, ती विद्यार्थ्यांसह कागदावर करावी : आपल्या शाळेच्या संगणकात काय हवे, काय नको, आणि का? कोणता गठ्ठा काढल्यास कोणाचे काम अडेल? संगणक भंगारात काढण्याआधी एवढा एक तास त्याला जरूर द्यावा.