खामगाव आणि पोर्ट ब्लेअर: एका व्हाइसरॉयचे दोन दौरे

'मेयो' म्हटलं की आपल्याकडे नागपूरचा सरकारी दवाखाना आठवतो. ते नाव ज्याच्यावरून आलं तो लॉर्ड मेयो, म्हणजे १८६९ ते १८७२ या काळातला भारताचा व्हाइसरॉय. हा माणूस आपल्या वऱ्हाडातही येऊन गेला होता. कापसाच्या जुन्या व्यापाराबद्दल वाचताना त्याचं नाव सारखं समोर येतं, म्हणून आज त्याच्याबद्दल लिहितोय.

मार्च १८७० मध्ये मेयो खामगावला आला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. कारण साधं होतं, कापूस. १८६१ ते ६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. लिव्हरपूलच्या बाजारात आपला कापूस 'उमरा' या नावाने विकला जायचा. हे नाव अमरावतीचंच (उमरावती) बिघडलेलं रूप. युद्ध संपलं, भाव कोसळले, पण रेल्वे आली ती राहिली. पूर्वी बैलांच्या तांड्यांवर महिनोन्‌महिने रखडत जाणारा माल आता थेट मुंबईला पोचू लागला. मुख्य लाइन जलंबवरून जाते, खामगाव तिथून बाजूला जेमतेम १३ किलोमीटर. तेवढ्यासाठी सरकारने वेगळा फाटा टाकला आणि त्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय! एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा माणूस, यावरूनच त्या बाजाराची किंमत कळते. पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, त्याच्या सरकारने महसूल, शेती आणि व्यापार असं नवीन खातं काढलं. त्यामागे मँचेस्टरवाल्यांचा रेटा होता. शेतकऱ्याची काळजी त्यात किती होती, हे ज्याने त्याने ठरवावं.

आता दुसरा दौरा. फेब्रुवारी १८७२. ब्रह्मदेशातून परतताना मेयो 'ग्लासगो' या युद्धनौकेवरून अंदमानात उतरला. अंदमान म्हणजे सावरकर आणि सेल्युलर जेल, असं आपलं समीकरण आहे. पण ते जेल पुढे १८९६ नंतर बांधलं गेलं. १८५८ पासून तिथे उघडी कैदी-वसाहत होती. कैदी वेगवेगळ्या बेटांवर राहायचे, जंगल तोडायचे, आणि वागणूक चांगली असेल तर वरच्या दर्जात जायचे, थोडी मोकळीक मिळायची. वसाहतीतली शिस्त ढिली झाली अशी तक्रार होती. म्हणून नवे नियम, नवा अधिकारी (जनरल स्टुअर्ट), आणि पाठोपाठ ही तपासणी.

८ फेब्रुवारीला दिवसभर रॉस आणि व्हायपर बेटांवर कडक पहारा होता. विशेषतः व्हायपरवर, कारण धोकादायक समजले जाणारे कैदी तिथे. संध्याकाळी मेयोने माउंट हॅरिएट चढायचं ठरवलं. आजाऱ्यांसाठी तिथे आरोग्यधाम काढता येईल का, ते त्याला पाहायचं होतं. डोंगराच्या पायथ्याशी होपटाउन. तिथले कैदी चांगल्या वागणुकीचे, म्हणून तिथली कुणाला फारशी धास्ती नव्हती.

आणि तिथेच शेर अली होता. तिराहचा आफ्रिदी पठाण, पूर्वी पेशावरच्या कमिशनरकडे घोडेस्वार म्हणून नोकरीला. खानदानी वैरातून पेशावरात खून केला म्हणून १८६७ मध्ये त्याला फाशी सुनावली, ती कमी करून जन्मठेप झाली. होपटाउनमध्ये तो न्हाव्याचं काम करायचा. म्हणजे सरकारी वहीप्रमाणे भरवशाचा माणूस! मेयो सूर्यास्त पाहून खाली उतरला, अंधार पडला होता, मशाली पेटल्या होत्या. धक्क्यावरून बोटीकडे जाताना शेर अलीने मागून झडप घातली आणि पाठीत सुरा खुपसला. मेयो पाण्यात पडला, उठून उभाही राहिला, पण जहाजावर नेईपर्यंत संपला होता. लेडी मेयो त्याच जहाजावर वाट बघत होत्या. ११ मार्चला शेर अलीला व्हायपरवर फाशी दिली.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते दर्जांचं. चांगला, मध्यम, धोकादायक अशी माणसांची प्रतवारी लावली आणि पहारा त्या प्रतवारीनुसार बसवला. कापसाची प्रत लावावी तसं. पण कापूस मनात काही ठेवत नाही. आपल्या माणसाचं रक्त सांडलं त्याचा बदला घेणं हा शेर अलीच्या लेखी गुन्हाच नव्हता, त्यामुळे शिक्षेचा राग त्याच्या मनात वर्षानुवर्षं होता. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

आणखी एक गोष्ट. तपासणी झाली ती कैदी-वसाहतीची. बेटं ज्यांची होती ते ग्रेट अंदमानी लोक या कथेत जवळजवळ दिसतच नाहीत. इंग्रज आले तेव्हा ते काही हजार असावेत असा अंदाज आहे. १८५९ मध्ये ॲबरडीनला त्यांनी बंदुकांसमोर धनुष्यबाण घेऊन लढाई दिली. मग वसाहतीतून रोग गेले, त्यात उपदंश होता, १८७७ मध्ये गोवराची साथ आली. १९०१ च्या जनगणनेत ते ६२५ उरले होते.